गिरणीवाल्याच्या घरचं जातं

आमच्या घराण्यात गव्हाचा पहिला वैरी जन्माला आला, तो गिरणीवाल्याच्याच पोटी.

गिरणीवाला मी. आखाडा बाळापुरात माझी पिठाची गिरणी आहे. आणि वैरी म्हणजे माझी लेक मनी, तेव्हा सातवीतली. दर दिवाळीला गिरणीच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ मारायची आमची पद्धत. पण मागच्या दिवाळीची रेघ आणि त्याआधीची रेघ एकमेकींवरच बसली होती! जेवण झालं की पोरगी पोट धरून बसायची. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, शेवटी नुसता धीर दिला. मी वरून तुपातली एक पोळी जास्त वाढायचो. (गिरणीवाल्याची लेक वाळकी दिसली तर धंद्याची शोभा काय राहते?)

धंद्यात मला एकच ताप होता, गंगाक्का. डबा खाली ठेवायच्या आधी तिचा सवाल ठरलेला.

"भाऊ, माझ्या ज्वारीच्या आधी काय दळलं व्हतं?"

"काहून?"

"भाकर चिवट होऊन राहिली. गहू मिसळतो तुमच्या गिरणीत."

"माझ्या गिरणीत? एक कण दाखव, गिरणी तुझ्या नावावर करतो!"

असल्या अडाणी बायांशी काय बोलायचं, म्हणून मी गिरणीचा पट्टा चढवून तिचा आवाज बुडवायचो.

शेवटी मनीला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "सिलिअॅक असू शकतो. हिला गहू सोसत नसेल."

"काय बोलून राहिले साहेब! गिरणीवाल्याची लेक हाय. हिच्या रक्तातच गहू हाय!"

"रक्तात गहू नाही बघायचा. गहू पोटात गेला की काहींचं शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडण काढतं. त्या भांडणाच्या अँटीबॉडी रक्तात सापडतात. त्या मोजू. रक्त मुंबईला पाठवावं लागेल."

मी बायकोकडे, सुमनकडे, बघून हसलो. भांडणं मोजायला रक्त मुंबईला कशाला धाडायचं? कुणी आमच्या घरी येऊन बसलं असतं तरी भागलं असतं! पण रक्त गेलं मुंबईला. (आमच्यातलं मुंबई बघितलेलं पहिलंच रक्त!) रिपोर्टातला आकडा बघून मला वाटलं, लॅबवाल्यांनी फोन नंबर छापला. पुढे दुर्बिणीनं आतडं बघितलं, तेव्हा मात्र माझं हसू मावळलं. आजार खरा होता. पोळी, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. भात आणि ज्वारीची भाकरी चालेल म्हणाले.

"काही महिन्यांनी परत रक्त बघू," डॉक्टर म्हणाले. "अँटीबॉडी उतरल्या तर पथ्य बरोबर चाललंय. तोंड खोटं बोलेल, रक्त बोलणार नाही."

मग मी पथ्य राबवलं, ते फौजदारासारखं! घरात पोळपाट दिसला तरी माझे डोळे लाल. आणि एवढं करून दुसऱ्या रिपोर्टात आकडा जेमतेम हलला.

"पोटात गहू जातोय," डॉक्टर फोनवर म्हणाले. "शोधा."

माझ्या घरात घरभेदी! मी आधी सुमनला धरलं.

"तूच चारली असशील पुरी. आईचं काळीज ना तुझं!"

"अवो, तुमच्या धाकानं म्या स्वतः पुरी खाल्ली न्हाई सणाला!"

मग बिस्किटं विकतो म्हणून दुकानदाराला दम भरला. पुरणपोळीच्या संशयावरून सासूशी बोलणं तोडलं. (तो फायदा मात्र बराच दिवस टिकला.) शेवटी मनीचं दप्तर जमिनीवर उपडं केलं. निघाली एक चिंच.

"बाबा, आईशप्पथ, म्या काहीच खाल्लं न्हाई," म्हणत पोरगी रडायला लागली. मी म्हणालो, "रक्त खोटं बोलत न्हाई!" आणि मायलेकींना घेऊन तरातरा नांदेड गाठलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाकरीचं पीठ कुठून आणता?"

माझी छाती फुगली. "घरची गिरणी हाय साहेब!"

"त्यात गहूही दळता?"

"मग? गिरणी हाय ती."

"एकाच दगडावर?"

"व्हय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हिच्या ज्वारीच्या आधी काय दळलेलं असतं?"

गंगाक्काचा सवाल! शब्दन् शब्द तोच! या माणसानं एवढं शिकून शेवटी तेच विचारावं? मी पट्टा चढवायला हात उचलला, पण तिथे पट्टा नव्हता. दगडात अडकलेला गहू, हवेत उडणारा गहू, सगळा मला तिथे बसल्याबसल्या दिसायला लागला. लेकीला मीच रोज दळून दळून गहू चारत होतो आणि चोर म्हणून दप्तर तिचं झाडत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, आता तुमचं दप्तर दाखवा," मनी हळूच म्हणाली. सुमन पदर तोंडात कोंबून हसत होती.

येताना नांदेडच्या बाजारातून कोरं जातं आणलं. सुमननं सांगून टाकलं, "दळायचं तुमी. गुन्हा तुमचा हाय." तेव्हापासून रोज सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी, विजेच्या गिरणीचा मालक, ओसरीवर मांडी घालून जातं ओढायला लागलो. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून ओवी म्हणायची फर्माईश करायच्या. पुढच्या रिपोर्टात आकडा धाडकन उतरला, आणि दिवाळीला चौकटीवरची रेघ चांगली चार बोटं वर सरकली. त्या दिवशी मी गिरणीच्या दारात उभा राहून खुशाल रडलो. (पीठ डोळ्यात गेलं असं सांगायची सोय होतीच.)

दुसऱ्या दिवशी जात्याजवळ धप्पकन डबा आदळला. गंगाक्का!

"भाऊ, माझं भी ह्याच्यावरच दळा. गिरणीत गहू मिसळतो म्हणं."

मी गपगुमान डबा ओढला. पण ती जागची हलेना. मला सवाल माहीत होता. तिनं तोंड उघडायच्या आधीच मी म्हणालो, "आधी ज्वारीच दळली व्हती अक्का. बघायचा असंल तर रक्ताचा रिपोर्ट हाय!"