आमच्या लिफ्टरची पारख

व्हॉलीबॉलमध्ये सहा जण खेळतात, पण गावाला दिसतो तो मारणारा. उडी घेऊन जो बॉल जाळीवरून खाली आपटतो, त्याचं नाव होतं. त्याच्या आधी एक जण तोच बॉल दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन जाळीशेजारी वर उचलून देतो, त्याला लिफ्टर म्हणतात. त्यानं बॉल कुठं दिला, किती उंच दिला, कोणत्या वेळी दिला, यावर सगळा खेळ असतो. तरी जिंकलं की मारणाऱ्याची वाहवा अन् हरलं की लिफ्टरची चूक. हा न्याय मी पंधरा-सोळा वर्षं पाहिला. मी मारणारा होतो, त्यामुळं मला तो न्याय बरोबरच वाटायचा.

आमचं गाव बेल्याकडचं. नदीच्या पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आम्ही आंध्रात. तेव्हा तालुके मोडून मंडल झाले नव्हते, तालुकाच होता. माझी शाळा चौथीत सुटली. पण खेळात मला कोणी शिकवावं असं तेव्हाही वाटलं नाही अन् आताही वाटत नाही. विहाराच्या मागं आमचं पटांगण होतं. काळी जमीन, पाऊस संपला की हात जाईल अशा भेगा पडायच्या. आम्ही मुरूम आणून टाकायचो, पाणी मारून धुमसानं ठोकायचो. सागाचे दोन खांब गाडले होते, ते कोणी कुठून आणले हे विचारायचं नाही.

आमचा लिफ्टर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जिनिंगवर कापसाचे बोद, ती मोठाली पोती, उचलायचा. तळहात खरबरीत, बोटं आखूड, पण त्या बोटांतून बॉल असा निघायचा की आवाजच नाही. बोलणं कमी. मी दिवसभर बोलायचो, तो ऐकायचा. आमच्या जोडीनं गुडीहत्नूरच्या संक्रांतीच्या सामन्यातून दोनदा कप आणला होता. मग काय झालं कोणास ठाऊक, लागोपाठ तीन वर्षं आम्ही पहिल्याच मॅचला हरून परत आलो. तिसऱ्या वर्षी तर गावातले लोक बसस्टँडवर घ्यायलाही आले नाहीत.

शाळेत एक तेलुगू मास्तर होते, कसरतीचे. आम्ही त्यांना सार म्हणायचो. करीमनगरकडचा माणूस, मराठी अर्धी, हिंदी अर्धी, पण खेळाचं वेड पुरं. शिट्टी त्यांचीच अन् बॉलही त्यांनीच शाळेतून काढलेला. ते मॅचच्या वेळी वहीत रेघा ओढायचे. कोणी उचलला, कोणी मारला, समोरच्यांनी अडवला की जमिनीवर पडला. त्या रेघांवरून त्यांनी हिशोब लावला की आपल्या लिफ्टरचा बॉल पहिल्यासारखा वर जात नाही. जाळीच्या वर जेमतेम वीतभर जातो, मारणारा तिथून मारतो अन् समोरचे हात वर करून आरामात अडवतात. वहीची गरजच नव्हती. चहाच्या टपरीवर पोरंटोरंही म्हणायची, आपल्या लिफ्टरच्या बॉलाले दमा लागला, चढत नाही बिचारा. तो ऐकायचा अन् चहा प्यायचा.

त्याच वर्षी मंचेरियलहून एक जवान पोरगा गावात परत आला. बाप तिकडं कोळसा खाणीत होता, रिटायर होऊन गावी आला तसा हाही आला. बावीस-तेवीसचा, उंच, तिकडं कॉलनीच्या टीममध्ये लिफ्टर म्हणून खेळलेला. पटांगणावर आला तसा सारच्या डोळ्यात चमक आली. संक्रांतीला पंधरा दिवस होते. सारनं सगळ्यांना बसवलं अन् सांगितलं की या वेळी हा मंचेरियलवाला उचलेल, जुने लिफ्टर बाहेर बसतील, गरज पडली तर घेऊ. बाकीचे माना हलवू लागले. लिफ्टर खाली बघत मुरमाचे खडे वेचत होता.

मी उठलो. म्हणालो, वहीतल्या रेघांनी माणूस कळत नाही. पुढं म्हणालो त्यातला शब्दन् शब्द मला आजही आठवतो. "सार, आमी बैल घेतो तवा त्याले चांगल्या बैलासंगं जुंपून नाई पाहत. जोडीदार चांगला असला तं कोनताबी बैल चालते. त्याले कमजोर बैलासंगं जुंपा, मंग पाहा गाडी वढते का नाई."

सारला कळलं नाही. कोणी तरी तेलुगूत सांगितलं तेव्हा ते हसले, अन् "सरे, सरे", म्हणजे बरं, बरं, म्हणाले. ठरलं असं की रविवारी सकाळी दोन टीम करायच्या. आमच्या पक्क्या पाच जणांना नवा लिफ्टर द्यायचा. जुन्या लिफ्टरला बाकीचे पाच, जे कधी टीममध्ये आले नाहीत ते, द्यायचे. मी नव्याच्या बाजूनं खेळणार. मला मनातून खात्री होती की आपण जिंकू, पण तो त्या कच्च्या पोरांकडून इतका चांगला खेळ करवून दाखवील की सारची वही बंद होईल. पारख मी लावली म्हणून मला अभिमानही वाटला.

कापूस वेचणीचे दिवस होते, तरी त्या रविवारी पटांगणाच्या चारी बाजूंनी माणसं. बायाही ओटी बांधून वावराला निघाल्या होत्या त्या थांबल्या.

पहिलाच बॉल त्यानं उचलला तो माझ्या अजून डोळ्यापुढं आहे. जाळीच्या वर चांगला दोन हात गेला, तिथं जरा थांबल्यासारखा झाला. ज्या पोरानं जन्मात मारलं नव्हतं, त्यानं उडी घेऊन तो सरळ आमच्या मधोमध आपटला. लोक ओरडले. मग दुसरा तसाच, तिसरा तसाच. प्रत्येक पोराला वेगळा. एक पोरगा उशिरा उडी घ्यायचा, त्याला जरा जास्त उंच. एक डावखुरा होता, त्याला जाळीपासून हातभर दूर. कच्चे बैल गाडी ओढत होते.

इकडं मंचेरियलवालाही बरोबर देत होता. उंच, स्वच्छ बॉल. पहिला मी जाळीत मारला. दुसऱ्याला माझी फक्त बोटं लागली. तिसऱ्याला तीही लागली नाहीत, बॉल माझ्या डोक्यावरून खाली आला. मी त्याला दटावलं, खाली दे जरा, हे काय आभाळात फेकून राह्यला. तो उद्धट नव्हता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, याच्याहून खाली देलं तं समोरचे उभ्या उभ्या अडवतीन. अजून वर यावं लागन तुमाले."

तेव्हा मला कळलं.

एक गोष्ट मी इथवर सांगितली नाही, कारण तेव्हाही कोणाला सांगितली नव्हती. तीन पावसाळ्यांआधी नाल्यातून कापसाची गाडी काढताना चाक घसरलं अन् माझा डावा गुडघा आसाखाली सापडला. महिनाभर घरात होतो. उठलो तेव्हा गावाला सांगितलं की ठणठणीत आहे. ठणठणीत नव्हता. उडी अर्धी झाली होती. पण पटांगणावर आलो तर मी पहिल्यासारखाच मारत होतो. माझा हात जिथं पोचायचा तिथं बॉल यायचा. माणसाला वाटतं, आपण पोचलो. त्याला मी काही बोललो नव्हतो, त्यानंही कधी विचारलं नाही. मला एकट्याला खाली अन् बाकीच्यांना उंच दिला असता तर फरक त्याच दिवशी उघडा पडला असता. म्हणून तो सगळ्यांनाच खाली द्यायला लागला.

जाळीतून मी त्याच्याकडं पाहिलं. तो डावखुऱ्या पोराला पाय कुठं ठेवायचा ते दाखवत होता.

आम्ही हरलो. पण पारखीचा निकाल मी समजलो तसा लागला नाही. मागच्या रांगेत खेळणारा आमचा एक सोबती होता, तोंडाचा तिखट. तो मधे येऊन म्हणाला, "म्हंजे हात शाबूत हायेत याचे. मंग तीन सालं आमालेच काऊन मेलेला बॉल देत होता? गुडीहत्नूरवाल्याईनं चहा पाजला काय, बाप्पा?"

पहिले लोक हसले. मग कोणी हसेना. सकाळपर्यंत तो म्हातारा झालेला लिफ्टर होता, आता गाव विकणारा झाला. त्यानं खांबावरचा सदरा घेतला, "वेचनीले जातो" इतकंच म्हणाला अन् गेला. सारनं सांगितलं की संध्याकाळी पाच वाजता टीमची नावं वाचतो.

मीही घरी आलो. तोंड उघडलं नव्हतं. उघडायला काय लागत होतं? पण पंधरा वर्षं ज्याच्या नावानं पोरं ओरडली, त्यानं चारचौघांत मी लंगडा आहे म्हणायचं, हे माझ्यानं होईना. घरवाली चुलीवर पाणी तापवत होती, शेकायला. तिला गुडघा माहीत होता, घरात झाकून कुठं ठेवता. मी तिला काय झालं ते सांगितलं. ती फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या बायकोले मी उद्या विहिरीवर काय तोंड दाखवू?" माझ्या तोंडाचं तिनं काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

पाच वाजता गेलो. सार वही घेऊन बसले होते. तोही आला होता, लांब धुऱ्याच्या बांधावर टेकून. न येण्यातलाही नव्हता तो. मी बसलोच नाही. उभ्यानं म्हणालो, "बॉल खाली येत नवता. मी वर जात नवतो. माह्या गुडघ्यासाठी तो तीन सालं खाली देत होता. मी त्याले सांगतलं नवतं, त्यानं मले सांगतलं नाई. लिवायचं असन तं हे लिवा वहीत."

 मग तोच तिखट सोबती म्हणाला की म्हणजे एका माणसापायी गाव तीन सालं हरलं की नाही? अन् खरं सांगतो, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी आजवर त्यावर पुष्कळ विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही. सार वहीकडं बघत होते. त्यांच्या रेघांमध्ये हे कुठं बसवायचं ते त्यांनाही कळत नव्हतं.

बोलला तो मंचेरियलवाला. ज्याला जागा मिळत होती तोच. म्हणाला, "लिफ्टर काकालेच उचलू द्या, सार. मी मारतो. कच्च्या पोराईकडून आज त्याहीनं जे करून घेतलं ते आमच्या कॉलनीत कोनाले जमलं नसतं." सारनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं अन् माझं नाव खोडून त्याचं लिहिलं. लिफ्टरच्या जागी जुन्याचंच नाव घातलं. मी वळून धुऱ्याकडं पाहिलं तर तो उठून निघाला होता.

गुडीहत्नूरला मी टीमसोबत गेलो, पाण्याची कळशी सांभाळायला. पहिली मॅच आमच्या टीमनं जिंकली. दुसरी कोळशापट्टीच्या टीमशी होती, ती हरली, पण शेवटपर्यंत लढून हरली, अन् बाहेरगावचे लोक विचारत होते, हा बुटका लिफ्टर कोण. दम्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. त्या दोन दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बसमध्येही पुढच्या सीटवर जाऊन बसला. मला वाटलं, त्या रविवारी सकाळी मी तोंड उघडलं नाही त्याचा राग असेल. तो राग मी समजू शकत होतो.

महिन्याभरानं तो माझ्या वावरात आला. मी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होतो. त्यानं वाकून दोन-चार उपटल्या, ढिगावर टाकल्या अन् एकदम बोलला.

"तू सांगायले नको होतं."

मी म्हणालो, "तुले गाव चोर म्हनत होतं."

"म्हनलं असतं चार रोज. पेरनी आली का गाव इसरते."

"अन् मी आयकत बसलो असतो काय?"

"तू अजून एक साल खेळला असता," तो म्हणाला. "मी पाह्यलं होतं, तुह्या गुडघ्यात एक साल बाकी होतं."

मी चिडलो. म्हणालो, माझ्या गुडघ्याचा हिशोब तुला कोणी लावायला सांगितला. तोही चिडला. तिथंच पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी आम्ही इतकं भांडलो की शेजारचा वावरवाला नांगर सोडून पाहायला आला. त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. आता दोघांचेही गुडघे गेले, पटांगणावर शाळेची नवी इमारत झाली, तरी अजून पटत नाही. तो अजूनही म्हणतो, एक साल बाकी होतं. मी म्हणतो, नव्हतं.