साडेसातची मालिका आणि मापाचा ब्लाऊज

मध्य प्रदेशातल्या धारला आमची एकच खोली होती आणि तिच्यातली मोठी जागा शिलाई मशीनने अडवलेली. पूर्वज महाराष्ट्रातून इथल्या दरबारचे कपडे शिवायला आले, असं बाबा सांगत. आमच्या वाट्याला त्यातलं मशीन तेवढं आलं. बाबांचा हात थरथरू लागला, कात्री धरवेना, तेव्हा ते कपड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलायला जाऊ लागले आणि मशीनवर आई बसली. बायका मोबाईलवर मालिकेतल्या नटीचा फोटो दाखवायच्या, "भाभी, अगदी हाच गळा." आई म्हणायची, "गळा देते, पण मापाचा ब्लाऊज आणा." एकदा घाईत तिने नुसत्या फोटोवरून कापलं. कपडा वाया गेला. तो भरून देताना आम्ही पंधरा दिवस भाजी आणली नाही.

बारावी झाल्यावर मला देवासला आत्याकडे पाठवलं. आत्या एकटी, तिला सोबत. घरात एक तोंड कमी. आणि माझं बी.कॉम. बाबांनी बसमध्ये बसवताना सांगितलं, "ताईकडून तक्रारीचा एक शब्द आला, की त्याच दिवशी घरी." आत्या त्यांची थोरली बहीण. तिचा शब्द खाली पडत नसे.

आत्या रोज साडेसातला एक मालिका बघायची. तिच्यातली मुलगी माझ्यासारखीच शिकायला मामाकडे राहिलेली. पूर्वीच्या मालिकांतल्या बायका स्वयंपाकघरात रडायच्या, ही कॉलेजात जायची, उलट बोलायची. लोक म्हणत, बघा, जमाना बदलला. माझा मात्र जीव टांगणीला. ती लायब्ररीच्या नावाने सिनेमाला गेली, दुसऱ्या दिवशी माझी लायब्ररी बंद. तिला कोणाचा फोन आला, माझा फोन देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात.

"आत्या, ती टीव्हीतली आहे."

"हवेतून लिहितात होय? घडतं म्हणून दाखवतात."

मला ती मालिका मुळीच आवडत नव्हती. पण एक भाग चुकवायची हिंमत नव्हती. उद्या मला कशाचा जाब द्यायचाय, ते तिथेच कळायचं. जाहिराती लागल्या की मी मनात त्या मुलीला विनवायची, बाई गं, आज नीट वाग.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर राहिला होता. आदल्या संध्याकाळी ती मुलगी मामाच्या घरातून पळाली.

आत्याने भाग संपायच्या आत टीव्ही बंद केला आणि धारला फोन लावला. "अरे, मालिकेतली ती पोरगी आज मामाकडून पळाली. आपल्या पोरीला घेऊन जा. माझ्याच्याने ही जोखीम होत नाही."

"आत्या, उद्या पेपर आहे."

"तिचाही होता."

सकाळी अकराला बाबा दारात. मागे आई. तीन वर्षांत ती पहिल्यांदा देवासला आली होती, मशीन सोडून निघणं तिला कधी जमलंच नव्हतं. माझी बॅग आत्याने भरून ठेवली होती. बाबा म्हणाले, "चल." मी प्रवेशपत्र मुठीत धरून उभी. घाबरले की माझी मराठी पळते. "बाबा, आज आखिरी पेपर है. तीन बजे."

बाबा आत्याकडे बघत राहिले. बोलली ती आई. आत्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे.

"वन्सं, मालिकेतल्या त्या नटीचा गळा मी कितीजणींना शिवला. पण माप ज्याचं त्याचंच घेते. माझ्या पोरीचं माप तुम्ही तिच्यावरून का घेताय?"

"आता तू मला शिकवणार?"

"नाही. तीन वर्षं ती तुमच्या नजरेखाली आहे. तुम्हीच सांगा. कधी उशिरा आली?"

आत्या पदराचं टोक पिळत बसली. खोटं बोलणं तिच्यात नव्हतं. "एकदा," ती म्हणाली. "बसगाड्या बंद होत्या त्या दिवशी. पायी आली बिचारी."

"आणि?"

"आणि काही नाही."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "जेवून घे," मला म्हणाले.

आई मशीनसाठी दुपारच्याच बसने धारला परतली. बाबा कॉलेजपर्यंत बरोबर आले, पण बॅग घेऊनच. पेपरभर माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. ते फाटकापाशी त्या बॅगेवर बसले होते. मध्येच उठून आत येतील, सगळ्यांसमोर मला उठवतील, असं वाटून आकडेमोड दोनदा चुकली, दोनदा खोडली. सहाला मी बाहेर आले.

"झाला?"

"झाला."

"सगळा लिहिलास?"

"सगळा."

त्यांनी बॅग उचलली आणि आम्ही धारच्या बसकडे निघालो.

मी सेकंड डिव्हिजनमध्ये बी.कॉम. पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.