मधल्या व्हर्जनचा करार

मला फसवलं ते आमच्या ड्रॉइंग विभागाच्या साहेबांनी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाची बाजू घ्यायची याचा घोळ नको.

हिंदी मुलखात, पिपलानीच्या कारखान्यात मी ट्रेसर म्हणून लागलो. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग्ज पातळ कागदावर शाईने उतरवायची, एवढंच काम. रेघ जराशी जाड झाली की कागद टेबलावर आपटला जायचा. पुढे कॉम्प्युटर आले, शाईच्या बाटल्या सुकल्या, आणि मी बाहेरच्या क्लासला जाऊन ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट मिळवलं. कुणी पाठवलं नव्हतं. विभागात तसं सर्टिफिकेट असलेला मी एकटाच, म्हणून शिकवण्याची खोली माझ्याकडे आली. बारा मशिनी, एक फळा, आणि मे महिन्यात स्वेटर आठवावा असा एसी. पण खरं सुख एसीचं नव्हतं. ज्यांनी माझे कागद आपटले होते तेच इंजिनियर मागच्या रांगेतून हात वर करून विचारायचे, "सर, ये लेयर बंद कैसे होगी?" मला ऐकू आलं तरी मी दोनदा विचारायला लावायचो.

काही वर्षांनी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन निघालं आणि पाठोपाठ परिपत्रक आलं. शिकवणाऱ्याकडे नव्या व्हर्जनचं सर्टिफिकेट हवं, नसेल तर त्याने ड्रॉइंगच्या स्टोअरमध्ये जावं. जुनं सर्टिफिकेट असणाऱ्याला पूर्ण परीक्षा नव्हती, फक्त जे बदललं तेवढ्याची छोटी अपग्रेड परीक्षा होती. तरी मी साहेबांना कँटीनमध्ये गाठलं. फुकट कशी देईन परीक्षा?

"मी पास होतो," मी म्हणालो, "पण हे व्हर्जन कारखान्यात असेपर्यंत खोली माझी. मध्येच दुसरा माणूस आणायचा नाही."

साहेब मूळचे इंदूरचे, गोड बोलणारे. "अहो भाऊ, आणतंय कोण दुसरा?"

"लेखी द्या."

"लेखी? चहा संपवा, देतो की."

आणि खरंच स्वतः टाइप करून, सही करून दिलं. मी मनात हिशोब केला होता, जुनं व्हर्जन इतकी वर्षं टिकलं, हेही तेवढं टिकेल. घरी येताना स्कूटरवर शीळ वाजवत होतो.

आता अडचण अशी की कारखान्यातल्या मशिनींवर अजून जुनंच होतं. नवं येणार, येणार, असं चाललं होतं. ज्याच्यावर परीक्षा द्यायची ते सॉफ्टवेअर मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हातात फक्त एक जाडजूड पुस्तक, पानापानावर स्क्रीनची चित्रं. तेव्हा बायकोला कॉम्प्युटर केलं. दर रविवारी सकाळी ती पुस्तक घेऊन पलंगावर बसायची, मी समोर खुर्चीत.

"वरच्या पट्टीत डावीकडून तिसरं दाबलं."

"उघडलं. अकरा ओळी आल्या."

"पाचवी."

"पाचवी राखाडी आहे, अहो. दाबली जात नाही."

"का?"

"मला काय विचारता? मी कॉम्प्युटर आहे. आधी रेघ निवडा, मग या."

कधी ती पुस्तक मिटून उठायची. "हँग झालंय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की चालू होईल." आमच्या क्वार्टरच्या पातळ भिंतीतून हे सगळं शेजारी जायचं. शेजारच्या वहिनींनी एकदा काळजीने विचारलं होतं, "भाईसाहब ठीक तो हैं?"

परीक्षा शहरातल्या एका सेंटरवर होती. एका प्रश्नाची चारही उत्तरं मला पटेनात, कारखान्यात ते काम आम्ही पाचव्याच रीतीने करायचो. मी हात वर केला आणि वाद घालू लागलो. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "सर, मैं मान भी जाऊँ तो क्या, नंबर तो मशीन देगी." आयुष्यात पहिल्यांदा समोर असं कुणी होतं की ज्याच्याशी घासाघीस चालत नव्हती. पास झालो. बायको म्हणाली, "'आम्ही झालो' म्हणा, अनेकवचनी."

मग मी नव्या व्हर्जनची वाट पाहू लागलो. वर्ष होत आलं. एके दिवशी मशिनींवर सॉफ्टवेअर आलं, आणि ते माझं नव्हतं. त्याच्याही पुढचं होतं. कारखान्याने मधलं व्हर्जन घेतलंच नाही, थेट पुढचं घेतलं. खोलीत बाहेरचा माणूस आला आणि मला स्टोअर दाखवण्यात आलं.

करार घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत गेला म्हणतात.

"वाचा! तुमचीच सही!"

"अहो, वाचतो ना. 'हे व्हर्जन कारखान्यात असेपर्यंत.' ते आलंच नाही, भाऊ. मग कुठवर धरायचं?"

"म्हणजे मी नसलेल्या गोष्टीचा मास्तर?"

"गुस्सा मत करो. मधलं केलंत म्हणून आता पुन्हा छोटीच परीक्षा. नाहीतर अख्खी द्यावी लागली असती. तुमचा तर फायदाच झाला."

फायदा खरा होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

स्टोअरमध्ये चार महिने काढले. रविवारी पुन्हा पलंग, पुन्हा पुस्तक. बायको आता पान उलटायच्या आत सांगायची आणि वर ऐकवायची, "मी अपग्रेड झालेय, तुम्हीच मागे पडताय." दुसऱ्यांदाही पास झालो. खोली परत आली, मागच्या रांगेतले हात परत आले. निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवलं आणि मजेत शिकवलं.

पण स्टोअरमध्ये असताना जुन्या फायली लावताना मला खरेदीची एक टिपणी सापडली होती. 'नवे व्हर्जन घेऊ नये, त्याच्या पुढचे येईपर्यंत थांबावे.' खाली साहेबांची सही. मी तिची झेरॉक्स काढून ठेवली आहे. कारखान्यात चहाच्या कुपनावरसुद्धा तारीख टाकणाऱ्या या माणसाने त्या एकाच सहीखाली तारीख टाकलेली नाही.

साहेब आता कोलार रोडला राहतात. भाजी घेताना भेटतात, तब्येत विचारतात, मुलांची चौकशी करतात, आणि मी टिपणीचं नाव काढलं की त्यांना दुधी निवडायचा असतो. तर साहेब, इथं सगळ्यांसमोर विचारतो. ती सही तुम्ही माझ्या करारावर सही करण्याआधी केली होती की नंतर? नंतर केली असेल तर मी घरी येऊन माफी मागतो, बायकोलाही आणतो. आधी केली असेल तर तुम्ही आमच्याकडे यायचं, आणि ज्या बाईने इतके रविवार कॉम्प्युटर होऊन काढले तिच्यासमोर बसून ते कबूल करायचं. तारीख सांगा, साहेब.