बेधडक माणसाची बायको

‘बेधडक’ हा शब्द मला आजही ऐकवत नाही. सुरतेत कतारगामला आम्ही राहायचो तेव्हा, नव्वदच्या त्या वर्षांत, तो आमच्या घरात रोज जेवायला बसायचा. हे तिथे पॉवरलूमच्या कारखान्यात कापड विणायचे. ताण्याचा उभा धागा तुटला की लूम थांबवून बांधायचा असतो. आमचे हे चालत्या लूममध्येच हात घालत. शेठ सगळ्यांना सांगे, “आ तो बेधडक माणस छे.” झालं, गडी खूष. सासूबाई आल्यागेल्याला ऐकवत, “मना पोऱ्या कोणले घाबरत नई.” मला मेलीला रात्री झोप नाही.

एकदा लूममध्ये इकडून तिकडे धावणारा धोटा उडाला आणि ह्यांच्या भुवईवर बसला. बोटभर खाली बसला असता तर डोळाच गेला होता. टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून स्वारी पुन्हा कामावर, आणि पुन्हा तेच कौतुक. मी म्हटलं, “अहो, शेठला एकदा सांगा ना, धागा बांधायला लूम बंद करतो म्हणून.” तर म्हणे, “कापड कमी निघालं की तो ओरडतो. तुला काय कळतं त्यातलं?”

माझं डोकं फिरलं. दुपारी डबा घेऊन मी थेट कारखान्यात गेले. मी उभी असतानाच ह्यांच्या लूमवर धागा तुटला. ह्यांनी आधी शेठच्या केबिनकडे पाहिलं आणि मग हात आत घालायला लागले, एक डोळा पट्टीखाली झाकलेला. मी डबा खाली ठेवला, पुढे झाले आणि दांडा ओढून लूम बंद केला.

शेठ बाहेर आला. “कोनी बाई छे आ?” मी कोणाची, ते विचारत होता. चालत्या लूममध्ये घालायचे तेच हात ह्यांनी शेठपुढे जोडले. “माफ करा शेठ, अडाणी आहे.” मी म्हटलं, “शेठ, ह्यांचा डोळा गेला तर तुम्ही देणार का?” तो काहीतरी पुटपुटत आत गेला.

ह्यांनी बंद लूमवर धागा बांधला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “घरी जा. बाईमाणसानं इतकं आगाऊ असू नये.”

सासूबाईही तेच म्हणाल्या, शेजारणीही. मला बेधडक म्हणायला मात्र एकाचीही जीभ वळली नाही.