सुगंधाताईंची मोजणी

सुगंधाताई कुणाच्या दारात गेल्या की आजाराचं नाव कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "हा जिना शेवटचा आपल्या पायान कवा चढला?"

भिवंडीतल्या आमच्या गल्लीत खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर खोल्या. जिने लोखंडी आणि उभे. आजार कधी सुरू झाला ते घरच्यांना सांगता यायचं नाही, पण जिन्याचं आठवायचं. कुणी म्हणायचं, रमजान ईदला चढले, बकरी ईदला मी हाताला धरून आणलं. कुणी म्हणायचं, गणपती आणला तेव्हा वर होते, विसर्जनाला उतरलेच नाहीत. मग ताई माझ्याकडे वळायच्या. "लिव गो लता." मी सणांचे महिने करून चौकटीत लिहायची.

त्यांची माझी ओळख माझ्याच दारात झाली. आमचे हे जाऊन तीन महिने झाले होते. मी कांडी भरत बसले होते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते त्या कांडीवर सूत गुंडाळत होते. दारात एक जाडशी बाई उभी राहिली. आगरी नेसण, काखेत कागदांची पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्या शहरातल्या आरोग्याच्या कामावर होत्या आणि वरून एक मोठा सर्वे आला होता. त्या खूप बोलल्या. मी काहीच बोलले नाही. मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही, लहानपणापासूनच नाही. शेवटी त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. ह्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यावर रोज काहीतरी लिहीत होते. आज उशी लावून झोपले. आज बसूनच झोपले. आज अर्धी भाकरी.

ताईंनी कॅलेंडर डोळ्यांशी धरून पानं उलटली. बराच वेळ वाचत होत्या.

"ह्या तू लिवलंस? कितवी शिकलीस?"

"चौथी."

"मी सातवी हाय. मना असा लिवाला येत न्हाय." मग म्हणाल्या, "सोबत येशील? माझ्या डोल्यांना साखरेन खाल्ला. मी बोलीन, तू लिव. तुना एक अक्षर बोलाला लागनार न्हाय."

त्या एका भरवशावर मी घराबाहेर पडले. सकाळी कांडी भरायची आणि दुपारी ताईंच्या मागे. टेमघरच्या आपल्या घरून त्या शेअर रिक्षाने धामणकर नाक्यापर्यंत यायच्या, तिथून चालत. गुडघे दुखायचे. प्रत्येक घरात पहिलं पाणी मागायच्या. पाणी मागितलं की बाई आत जाते, भांडं आणते, समोर बसते. मग बोलते. हे त्यांनीच मला शिकवलं.

कसली मोजणी, असं मी एकदा रस्त्यात विचारलं. त्या थांबून म्हणाल्या, "मेलेले तं कोनीबी मोजतो. आपल्याला दोन गोष्टी मोजाच्या हान. मानूस म्हातारा होयापरेंत जगला असता, ती किती वर्सं बुडाली. आनि मराच्या आधी जिता असून किती वर्सं काय कामाचा राहला न्हवता. दोनी मिलून ओझा. तुझ्या घरवाल्याचा ओझा काढू?"

त्यांनी रस्त्यातच बोटांवर काढलं. हे गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी चार वर्षं नुसते दम खात बसून. ताई बोटं मोजत गेल्या आणि आकडा न सांगताच मूठ मिटून चालू लागल्या.

डॉक्टरांच्या कागदावर ह्यांच्या मरणाचं कारण हृदय बंद पडलं असं होतं. ताई त्यावर चिडल्या. "हृदय सगल्यांचाच बंद पडता. त्या कारन न्हाय, तो शेवट हाय. पंधरा वर्सं लूमवर रुई नाकात गेली, त्या कारन हाय. त्या लिव." मी लिहिलं. त्या फॉर्मवर ह्यांचं नावही मीच लिहिलं. मी ते कधी तोंडाने घेतलेलं नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ते गेले हे घराबाहेर कुणाला तरी कळेल.

ताईंचा मोठा आधार होता एका चाचीचा. ती बिस्सी चालवायची. बिस्सी म्हणजे खोल्यांत दाटीने राहणाऱ्या यूपी-बिहारच्या कामगारांची खानावळ. चाची शिकलेली नव्हती, पण कुणाचं छातीचं दुखणं कुठवर आलं ते तिला ताटावरून कळायचं. "वो लंबा वाला? छे रोटी खाता था. बरसात में चार पे आया, ठंडी में दो पे. फिर बोला, चाची, दाल ही दे दो. फिर गाँव गया."

गाँव गया. हे आम्ही प्रत्येक खोलीत ऐकायचो. इथे रीतच आहे. माणसाला काम होईना, खोकल्यात रक्त दिसू लागलं की खोलीवाले त्याचं बोचकं बांधतात, गाडीत बसवून देतात. मरायला कुणी भिवंडीत थांबत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो मेल्याचा फोन येतो. खोलीवाले जागा भरतात, लूमवर दुसरा माणूस उभा राहतो.

फॉर्ममध्ये नियम होता, मरण इथे झालेलं असलं तरच इथे लिहायचं. ताईंनी मीटिंगमध्ये विचारलं, मग तिकडे तरी लिहितात का? साहेब म्हणाले, सहा महिने तिथे राहिला असेल तर. "दीड म्हयन्यात मरनारा सहा म्हयने कसा राहील?" ताई म्हणाल्या. सगळे हसले. ताईही हसल्या.

त्याच मीटिंगमध्ये त्यांनी एक गोष्ट ऐकली होती. जिथे आकडा जास्त, तिथे छातीचा दवाखाना आधी उघडणार. तेव्हापासून दवाखाना त्यांच्या डोक्यात बसला. लूमच्या आवाजात मला कानाशी ओरडून सांगायच्या, "एक डाक्टर, एक फुकून दम मोजाची मशीन, बस! माती व्हायच्या आधी कलला पायजे!"

पुढे जे केलं ते दोघींनी मिळून केलं. चाचीकडून नावं घेतली, ताईंनी गावाकडे फोन लावले. कुणाच्या आईने सांगितलं, कुणाच्या भावाने. सात माणसं. गेलेली सगळी खरी, महिने खरे, खोकला खरा. फक्त मरणाची जागा जिथे लिहायची तिथे मी ताईंच्या सांगण्यावरून आमच्या गल्लीचं नाव लिहिलं. सातही वेळा. लिहिताना मी पेन थांबवलं तेव्हा ताई म्हणाल्या, "इथंच मेले गो ते. तिकडं फक्त माती झाली."

महिनाभराने तपासणीचे साहेब आले. तरुण होते, चिडके नव्हते. फॉर्म घेऊन खोल्यांत गेले आणि नावं वाचली. खोलीवाले घाबरले. मरणाची चौकशी म्हणजे पोलीस, मग शेठ खोली खाली करायला सांगणार. सगळे एकच बोलले, "यहाँ कोई नहीं मरा, साब. सब गाँव में हैं, मज़े में हैं." चाचीकडे विचारलं. चाचीने ताईंकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "मेरे यहाँ तो सब खाते हैं."

मग साहेब माझ्या दारात आले. ताई मागे उभ्या होत्या.

"तुमच्याकडे एक मृत्यू दाखवलाय. बरोबर आहे?"

मी पदर तोंडाला लावला.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा. कधी वारले? कुठे वारले?"

इथेच, ह्याच खोलीत, ह्याच खाटेवर, असं सगळं माझ्या ओठांवर होतं. गल्ली जमली होती. बाहेर आलं नाही. ताई म्हणाल्या, "अरे साहेब, ती लाजते, पन ह्यो खरा हाय, मी सांगतंय ना!" साहेब म्हणाले, "तुमचंच तर तपासतोय." त्यांनी सगळा गठ्ठा बाजूला काढला. आमच्या गल्लीतले सगळे फॉर्म रद्द झाले. ह्यांचाही. जाताना मात्र म्हणाले, ज्यांच्या घरी खरोखर कुणी गेलं असेल त्यांनी आठ दिवसांत ऑफिसात येऊन स्वतः सांगावं, एकेक परत नोंदीला लावून घेऊ.

ताईंचं काम गेलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसल्या. मी वाट पाहत होते, आता बोलतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "मानसं खोटी न्हवती गो. जागा खोटी लिवली." मग माझा हात धरला. "तुझ्या घरवाल्याचा तरी वाचव. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी जा. दोन वाक्यं हान. नाव आनि दम."

मी गेले. सातव्या दिवशी. ऑफिसात एक बाई टेबलाशी बसली होती, समोर चार माणसं. माझी पाळी आली. "काय काम?" बाईंनी विचारलं. मी हातात कॅलेंडर नेलं होतं. ते पुढे करायलाही हात उठला नाही. बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा, पुढच्यांना येऊ द्या." मी बाजूला झाले आणि तशीच रस्त्यावर आले.

ताई माझ्या दारात बसून होत्या. गुडघे घेऊन एवढ्या लांब आल्या होत्या.

"सांगलंस का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "एक तरी लागला," म्हणाल्या. "एक बी लय झाला गो."

दवाखाना दुसरीकडे उघडला. आमच्या गल्लीचा मरणाचा आकडा फार कमी, म्हणजे चांगला आला होता म्हणे. त्यानंतर मी टेमघरला फारशी गेले नाही. खोटं घेऊन त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. त्यांची साखर मूत्रपिंडावर गेली, पाय सुजले, आणि वर्षभरात त्या गेल्या. दहाव्याला गेले तेव्हा त्यांची मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेवटी शेवटी आई सारखं एकच बोलायची. माझं सगळं वाया गेलं, पण लताच्या नवऱ्याचा लागला. त्याच्यावर समाधान होतं तिला. तुम्ही जाऊन सांगितलंत, बरं झालं."

मी मान हलवली.