पिंगरींच्या टॅबिथा

एस्थर गेल्या दोन्ही वेळा डॉक्टरकडे गेलीच नाही, हे आज कळलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सातवा महिना आहे तिला.

माझी ही मुलगी अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट बंदराच्या धक्क्यावर बोटींची शिडं शिवते. हाती घेतलेलं अर्धवट सोडणं तिला लहानपणापासून जमत नाही. मागच्या वर्षी तिची पहिली मुलगी, टॅबिथा, जन्मली, त्याच आठवड्यात गेली. त्यानंतर तिने आमच्या घराण्याच्या मूळ जोडप्याचा माग काढायला घेतला: एबेनेझर पिंगरी आणि त्याची बायको केझाया. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, इथे इंग्रजांचा अंमल असताना, इथून खारी मासळी पाठवून काकवी आणणारे व्यापारी. मला वाटलं, बरं झालं, मन रमेल.

आज दुपारी ती मला टेकडीवरच्या दफनभूमीत घेऊन गेली. तिच्या पायात नवऱ्याचे, नेटचे बूट होते. स्वतःचे आता मावत नाहीत. जुन्या थडग्यांवरची अक्षरं पार झिजलेली. एस्थरने आरसा तिरपा धरून उन्हाचा कवडसा पाडला, आणि कोऱ्या दगडातून नाव वर आलं. टॅबिथा. शेजारच्या बुटक्या दगडावर तेच. तिसऱ्यावरही तेच.

"जुन्या नोंदींत हे नाव सारखं यायचं, मी ही एकच मुलगी धरून चालले होते," ती म्हणाली. "मूल गेलं की पुढच्या मुलीला तेच नाव द्यायचे. चौथी टॅबिथा जगली. आपण तिच्या वंशातले."

"व्यापारी माणसं. पिंपावरचा शिक्का बदलायचा खर्च वाचवला," मी म्हटलं.

ती हसली नाही. "आई, त्या चौघी नव्हत्या. एकच परत परत येत होती. माझ्या पोटातही तीच आहे."

"ठेव बाई तेच नाव. पण तपासायला का जात नाहीस?"

"कशाला? ही दुसरी. राहणारी चौथी."

शिडाला किती कापड लागेल ते सांगावं, तशा आवाजात. कवडसा तिसऱ्या दगडापलीकडे, मोकळ्या गवतावर जाऊन थांबला होता. ती तिकडेच बघत होती.

"नेटला यातलं काही सांगू नकोस. उगाच घाबरतो."

मी मान डोलावली.

नेट उजाडायच्या आत शेवंडं धरायला समुद्रात जातो. मग त्याला फोन लागत नाही. एस्थर मला माफ करणार नाही. न करू दे. तो निघायच्या आत मी त्याला फोन लावते.