पत्र फॅब्रिकेटेड आहे का?

पाबळला वेल्डिंग शिकून मी निमोण्याच्या रस्त्याला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं, त्याला अठरा वर्षं झाली. गेट, ग्रिल, ट्रॉली, कांदा साठवायची चाळ, जे लागेल ते जोडून देतो. थोरली लेक डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं दुकानातच ड्रॉइंग काढायची. मग रांजणगावच्या एका कारखान्यात तिची निवड झाली. अनुभवाचं पत्र मीच दिलं, दुकानाचा शिक्का मारून.

चार दिवसांनी भर दुपारी फोन आला. कारागिराचा ग्राइंडर चालू होता. एका कानात बोट घालून मी ऐकत होतो. पलीकडून त्या कारखान्यातला एक जण हिंदीत विचारत होता, "सर, ये एक्स्पिरिअन्स लेटर फॅब्रिकेटेड है क्या?"

"हां हां, फॅब्रिकेशनकाच है."

"मतलब, पूरा फॅब्रिकेटेड?"

"पूरा. अठरा साल से यही करते हैं. बाहर से कुछ नहीं लाते."

थँक्यू म्हणून त्यानं फोन ठेवला. चांगलं बोलणं झालं म्हणून मी घरी सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मेल आला. कागदपत्रं खोटी, नेमणूक रद्द. लेक मोबाइल घेऊन तडक दुकानात आली. "पप्पा, काय बोललात तुम्ही त्याच्याशी?"

मी शब्दन् शब्द सांगितला. ती कपाळाला हात लावून स्टुलावर बसली.

"फॅब्रिकेट म्हंजी बनवणं, बरोबर. पण कागद फॅब्रिकेट केला म्हंजी खोटा केला."

"आन् गेट केलं तर?"

"तर खरं."

"मग गेट खरं आन् कागद खोटा, हे त्या शब्दाला कळतं कसं?"

"पप्पा, माझी नोकरी गेली हाय!"

माझं डोकं तापलं होतं. माणसानं घाम गाळून केलेलं काम आणि लबाडी, दोन्हीला एकच शब्द ठेवणारा कोण शहाणा होता?

तिची सगळी ड्रॉइंग पिशवीत घालून आम्ही कारखान्यात गेलो. तिथल्या मॅडम मराठीच होत्या, बोलायला नीट, पण हलायला तयार नाहीत. "तुम्हीच कबूल केलंय. रेकॉर्डिंग आहे." अर्धा तास समजावलं, तेव्हा म्हणाल्या, एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलते.

आमचे जुने गिऱ्हाईक, कासुर्डीचे मामा, त्यांना फोन लावला. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता कांदा करतात. त्यांच्या चाळीचं ड्रॉइंग लेकीनंच काढलेलं. मॅडमनी स्पीकर चालू करून विचारलं, "मामा, या मुलीनं काय काय बनवलं?"

"कुणाला बनवलं? आमाला?" मामा उसळले. "न्हाई बाई, पोरगी तसली न्हाई!"

मी डोळे मिटून घेतले. एवढा वेळ इंग्रजीला शिव्या घालत होतो, आणि आमचं बनवणंही तसलंच निघालं. लेकीला हसू आवरेना. मॅडमही हसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "चाळीचं ड्रॉइंग कुणी काढलं?"

"तिनंच की. खालून वारं खेळाया पायजे म्हणून चाळ दोन फूट उचलाया लावली तिनं. बाप न्हाई म्हणत हुता, पण पोरीचंच खरं निघालं. कांदा सडला न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग लेकीला विचारलं, दोनच फूट का? ती जागेवरच कागद ओढून आकृती काढायला लागली. पुढची दहा मिनिटं त्या दोघी बोलत होत्या, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

शेवटी एक फॉर्म माझ्यापुढे आला. हे पत्र फॅब्रिकेटेड नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली सही आणि शिक्का हवा होता. शिक्का फॅब्रिकेशन वर्क्सचा. "मॅडम, दुसरा शब्द न्हाई का?" म्हटलं. तर म्हणाल्या, फॉर्म वरून आलाय, बदलता येत नाही. केली सही.

नऊ दिवसांनी तिला रुजू करून घेतलं. सकाळी साडेसहाला कंपनीची बस फाट्यावरून तिला नेते. ड्रॉइंग आता मीच काढतो. गेल्या आठवड्यात एक गेट चार इंच आखूड झालं. चिडून तिला फोन लावला, तर उचलला नाही. ड्युटीवर होती.